दोन जामीन

रात्री साडेदहाला प्लंगिंग्टन रोडवरून
शेवटची बस पाणी उडवत गेली
आणि मी लॅपटॉप उघडला
ओट्यावरच, उभ्यानं.
बसले तर विचार करत बसेन, म्हणून.

दोन कार्डं समोर.
एक निळं. मर्यादा बाराशे पौंड,
पहिले चार महिने बिनव्याजी, मग छत्तीस टक्के.
गोडीगुलाबीनं सुरू होणारं सगळं
मी एकदा नांदून पाहिलंय.
दुसरं राखाडी. मर्यादा तीनशे.
बक्षीस नाही, सवलत नाही,
त्याची जाहिरातही कोणी हसून करत नाही.
मंजुरीची शक्यता, राखाडी: दहापैकी नऊ.
निळं: दहापैकी सहा.

सहा म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे.
अर्ज करायचा, नकार घ्यायचा,
आणि विचारल्याची खूण
वर्षभर फाईलवर मिरवायची.
हात दाखवून अवलक्षण.

पण वॉशिंग मशीन महिनाभर कण्हतंय.
बाराशेत नवं आलं असतं.

"एक आहे ना कार्ड? दुसरं कशाला गं?"
मॉरीन विचारते, चष्म्यांच्या दुकानात,
ती पुढे काऊंटरला, मी मागे काचा घासायला.
तिला सांगितलं, पहिल्याची मर्यादा अडीचशे.
त्यावर फक्त बसचा पास, साठ पौंडांचा.
तेच साठ मोठ्या भांड्यात ओतले
की तळाशी दिसतात,
आणि मग माणूस विश्वासाचा ठरतो.
मॉरीन म्हणाली, हा काय वेडेपणा!
मी म्हटलं, नियम आहे.

मिरजेला बाबा पतपेढीत कारकून होते.
कर्जाला दोन जामीन लागतात, म्हणायचे,
एक ओळखीचा, एक ऐपतीचा.
त्यांच्या खिशाला कायम
निळ्या शाईचा डाग असायचा
आणि त्यांनी स्वतः कधी
कोणाला जामीन दिला नाही.
मी दिला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी,
संयुक्त खात्यावर, न वाचता.

पत गेली पतीबरोबर,
असा विनोद सुचला होता मला कोर्टाच्या पायऱ्यांवर.
ऐकायला मराठी कोणी नव्हतं.
एकटीच हसले, वकीलबाई दचकल्या.

घटस्फोट अकरा महिन्यांत झाला.
फाईलवर मात्र हेरंब आणखी दोन वर्षं
माझा आर्थिक संबंधी म्हणून नांदत होता.
त्याला तिथून काढायला वेगळा अर्ज.
कारणासाठी एकच ओळ.
लिहिलं: आता एकत्र काही नाही,
चार हजार शंभरचं थकीतसुद्धा
मीच फेडतेय.
ही एक नाही, दोन ओळी झाल्या.
तरी चाललं.

राखाडी कार्डाचा अर्ज विचारतो,
मागच्या तीन वर्षांचे पत्ते.
ॲश्टनचं घर, बागेसह.
मॉरीनच्या बहिणीची माळ्यावरची खोली,
सात आठवडे. हा पत्ता धरायचा का?
धरला.
मग हे घर. खिडकी रस्त्यावर, भाडं वेळेवर.

कार्डावर नाव कसं हवं?
माझं आणि बाबांचं आडनाव.
चोवीस अक्षरांत बसलं.

जामीन कोणी मागितला नाही.
मागितला असता तर होते माझ्याकडे दोघे.
मतदारयादीतलं माझं नाव, ते ओळखीचं.
आणि पास फेडलेल्या
अठरा महिन्यांच्या अठरा तीन तारखा,
त्या ऐपतीच्या.

"निर्णय येत आहे. पान बंद करू नका."
छोटंसं चाक फिरत राहिलं.
मशीन मधेच थांबलं होतं, पाण्यासकट.
दार उघडून मी कपडे बाहेर काढले,
एकेक करून पिळले,
बाही, कॉलर, उशीचा अभ्रा.
फरशीवर तळं झालं.
ओल्या हातांनी कळफलकाला
हात लावायचा नाही, एवढं भान ठेवून
मी चाकाकडे पाहत राहिले.